इंग्रजीतल्या उसन्या शब्दांचं मूळ शोधताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उच्चारावर विसंबल्याने. ‘इमोजी’ हा शब्द ‘इमोशन’वरून आला असं सहज वाटतं, पण तो जपानी आहे: ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोशन’शी जुळणं हा निव्वळ योगायोग. ‘मंगूस’च्या शेवटी ‘गूस’ (हंसासारखा पक्षी, अनेकवचन ‘गीस’) ऐकू येतं, म्हणून काही जण त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ करतात. शब्द आपल्या ‘मुंगूस’वरून गेलेला, त्या पक्ष्याशी त्याचा संबंध नाही. अनेकवचन ‘मंगूसेस’.

आपल्याकडे याच्या उलट चूकही फार होते. ‘डॉटर’ आणि ‘दुहितृ’, ‘नेम’ आणि ‘नाम’ जुळतात, म्हणून इंग्रजीने ते संस्कृतातून घेतले असं ठोकून दिलं जातं. हे शब्द उसने नाहीत. आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींच्या प्राचीन पूर्वज भाषेचा वारसा दोन्हीकडे स्वतंत्रपणे आला. नाती, अंक, शरीराचे अवयव यांत साम्य दिसलं तर आधी वारसा तपासा; प्राणी, कापड, खाद्यपदार्थ असतील तर उसनवारी. याला अपवाद आहेतच. ‘दे’ आणि ‘देम’ ही रोजची सर्वनामंसुद्धा इंग्रजीने प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून घेतली.

मजेशीर किस्सा असेल तर जास्तच सावध राहा. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कूकने प्राण्याचं नाव विचारलं, स्थानिक माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणाला आणि तेच ‘कांगारू’ झालं, ही कथा खोटी आहे. 1770 मध्ये ईशान्य ऑस्ट्रेलियात एन्डेव्हर नदीकाठी कूक आणि त्याच्या सोबतचे निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांनी हा शब्द टिपला. 1820 मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी फिलिप पार्कर किंग यांना तिथेच वेगळा शब्द मिळाला आणि संशयाला जागा झाली. 1970च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी खुलासा केला: तिथल्या गूगू यिमिथिर भाषेत ‘गंगुरु’ हे कांगारूच्या एका विशिष्ट जातीचं नाव आहे. किंग यांना बहुधा खाण्याजोग्या प्राण्यांसाठीचा सर्वसाधारण शब्द सांगितला गेला होता.

आजचा अर्थ जुन्या मजकुरावर लादू नका. ‘शाम्पू’ हिंदी ‘चाँपना’च्या आज्ञार्थावरून आला. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत तो दिसला तर भाषांतर ‘मालिश’ करा. केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. म्हणूनच कोशात मूळ भाषेआधी पहिल्या नोंदीचं साल आणि त्या वेळचा अर्थ पाहावा. ‘मूळ अज्ञात’ लिहिलं असेल तर तिथे स्वतःचा तर्क घुसडू नये.

मधले टप्पेही गाळू नका. ‘ऑरेंज’ थेट संस्कृतातून आला नाही. ‘नारंग’ फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, मग युरोपात पोचला आणि इंग्रजीला फ्रेंचकडून मिळाला. ‘अ नॉरेंज’चं ‘अ‍ॅन ऑरेंज’ होऊन इंग्रजीत ‘न’ गळला, हे स्पष्टीकरण बरेच जण देतात. तो ‘न’ इंग्रजीत येण्याआधीच गळला होता. इंग्रजीत असा ‘न’ खरोखर गळला तो ‘एप्रन’मध्ये: फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो ‘नॅप्रन’ होता.