घरातलं शिसं कसं शोधायचं

पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं. आता ते नाकापेक्षा हातावाटे पोटात जातं. गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग मोठ्यांच्या अंगात मुरतो, लहान मुलांच्या निम्म्यापर्यंत. लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी. म्हणून शोध रांगत्या मुलाच्या उंचीवरून सुरू करा.

आधी दारं-खिडक्या. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं चालत नाही. त्याआधीचा ऑइलपेंट संशयितच धरा. चौकटीला पल्ला घासतो तिथे भुकटी पडते. रंग काढायचा तर कोरडा घासू नका, ब्लोलॅम्पने तर मुळीच जाळू नका, धुरातून शिसं थेट फुफ्फुसात जातं. खाली प्लॅस्टिक अंथरा, पाणी फवारा, वॉटरपेपर वापरा. मुलं आणि गरोदर बाई काम संपेपर्यंत दुसरीकडे. नंतर केरसुणी नको; ओल्या फडक्याने, पाणी बदलून दोनदा पुसा.

मग कल्हई. कथील महाग, शिसं स्वस्त, म्हणून भेसळ होते. कल्हईवाल्याकडची कांडी कानाजवळ वाकवून पाहा: कथील करकरतं, शिसं मुकाट वाकतं. कागदावर ठळक राखाडी रेघ उठली तर ती कांडी नाकारा. करकर ऐकू आली म्हणजे भेसळ अजिबात नाही, असंही नाही. शंका असेल तर आमटी, सार, ताक स्टीलमध्येच. आंबटात शिसं लवकर उतरतं.

हळकुंडांना पिवळी झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळतात. मळकट, पॉलिश न केलेली हळकुंडं घ्या आणि दळून आणा. पाण्यात टाकून बघण्याच्या घरगुती चाचणीवर विसंबू नका. प्रयोगशाळेत 10 पीपीएमच्या वर आलं तर ती हळद टाकून द्या.

खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइडच. मारुतीला लावून झाला की साबणाने हात धुवा, मगच प्रसाद. बाजारातला सुरमा बाळाच्या डोळ्यांत घालू नका. बॅटरी-भंगाराचं काम करणाऱ्यांनी कपडे घराबाहेर बदलावेत आणि वेगळे धुवावेत. पाण्यात शिसं असेल तर उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं.

मुलाचं रक्त शिरेतून काढून तपासा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळू शकते. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर डॉक्टरांना दाखवा आणि वरची यादी पुन्हा पहिल्यापासून तपासा. उगम बंद केल्यावर रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण महिना लागतो, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं झिरपत राहतं. त्यामुळे दुसरी तपासणी आठवड्यात करून उपयोग नाही.