पिल्लू मलूल पडलंय? आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

आठवडी बाजारातून आणलेलं कोंबडीचं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहतं. दाण्याला चोच लावत नाही. मग घरातलं कुणीतरी ड्रॉपर घेऊन दूध, पेज किंवा माणसांच्या औषधाचे थेंब त्याच्या चोचीत सोडतं. कृपा करून हे करू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं आणि वरून सोडलेला थेंब सहज फुप्फुसात जातो. शिवाय गारठलेल्या पिल्लाचं पचन मंदावलेलं असतं, त्यामुळे बळेबळे भरवलेलं पोटात तसंच पडून राहतं.

गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींचे नर असतात. हॅचरीला, म्हणजे अंडी उबवणी केंद्राला, त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ती स्वस्तात विकली जातात. टोपलीतल्या प्रवासात ऊब आणि पाणी दोन्ही तुटलेलं असतं. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

१. ऊब

पिल्लू हातात घ्या आणि पाय चाचपून पाहा. पाय गार लागले तर बाकी सगळं नंतर. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका टोकाला 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब टांगा. एलईडीने ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीला 32 ते 35 अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं. खोक्याचं दुसरं टोक मोकळं ठेवा, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येईल. बल्बखाली अंग चोरून कर्कश ओरडत असेल तर ऊब कमी पडते. लांब जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर जास्त होते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत शेगडी मात्र नको.

अर्धा-एक तास थांबा. बरीचशी पिल्लं एवढ्यानेच डोळे उघडतात. अंग गरम असूनही एकटं पिल्लू ओरडत राहिलं, तर ते सोबत शोधत असतं. त्याच वयाचं दुसरं पिल्लू मिळालं तर उत्तम, नाहीतर शेजारी मऊ फडकं आणि छोटा आरसा ठेवा.

२. पाणी

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. बाजारातून घरी येईपर्यंत हा साठा बहुधा संपत आलेला असतो. कोमट पाण्यात त्याच्या चोचीचं फक्त टोक बुडवा. नाकपुड्या पाण्याखाली जाऊ देऊ नका. एकदा चव लागली की ते मान वर करून स्वतः पितं. फारच गळून गेलं असेल तर पहिले काही तास पेलाभर पाण्यात चमचाभर साखर घाला, मग साधं पाणी. भांडं म्हणून बरणीचं झाकण घ्या आणि त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लू भिजणार नाही.

३. खाणं

दाण्यावर बोटाच्या टोकाने टकटक करा. कोंबडी पिल्लांना चोच मारून दाखवते, तसंच. खाद्य म्हणून पोल्ट्रीच्या दुकानात मिळणारं चिक स्टार्टर घ्या, त्यात साधारण 20 टक्के प्रथिनं असतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांनी पोट भरतं, पण वाढ खुंटते. स्टार्टर मिळेपर्यंत एखादा दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चालेल. दूध नको, त्यातली साखर पिल्लांना पचत नाही आणि ढाळ लागते.

पिल्लू नुसतंच चोच मारतंय की खरंच खातंय, हे मानेच्या बुडाशी उजव्या बाजूला असलेल्या खाण्याच्या पिशवीवरून कळतं. संध्याकाळी ती मऊ, भरलेली लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. सकाळीही टणक असेल तर काहीतरी अडकलंय. पचपचीत असून चोचीला आंबूस वास येत असेल तर आतलं अन्न आंबलंय. दोन्ही वेळा डॉक्टर हवा.

४. शेपटीखाली पाहा

इथे बऱ्याच पिल्लांचा जीव अडकलेला असतो. विष्ठा पिसांना चिकटून वाळते, गुदद्वार बंद होतं आणि पिल्लू कण्हत बसतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो गोळा मऊ होईपर्यंत धरून ठेवा, मग हळूच पुसा. ओढलं तर कातडी सोलते. त्याहून मोठी चूक म्हणजे पोटावरची नाळेची खपली मळ समजून काढणं. ती पुढे, पोटाकडे असते, तर गुदद्वार शेपटीच्या अगदी खाली. खपलीला हात लावू नका. पुसून झाल्यावर पिल्लू पूर्ण कोरडं करून पुन्हा बल्बखाली ठेवा.

५. विष्ठा

खोक्यात रात्रभर पांढरा कागद घाला. विष्ठेवर पांढरा ठिपका असणं आणि अधूनमधून तपकिरी, पातळ, घाण वासाची विष्ठा होणं नेहमीचं आहे. रक्त मात्र कधीही नेहमीचं नसतं. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लाला रक्ती हगवण लागली तर आधी कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे आतड्यातल्या परजीवींच्या रोगाचा, संशय घ्या. खाली अंथरलेल्या ओल्या तुसात हा रोग फोफावतो. अँप्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, पण मात्रा डॉक्टरांनाच विचारा. तूस लगेच बदला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खडूसारखी पांढरी हगवण लागून पिल्लं पटापट मरत असतील, तर तो रोग कोंबडीकडून अंड्यातून आलेला असू शकतो.

६. पाय, मान, श्वास

गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून दिवसा गोणपाट किंवा खरबरीत कापड अंथरा. फाकलेले पाय पहिल्या काही दिवसांत मऊ पट्टीने नैसर्गिक अंतरावर बांधले तर सुधारतात. बोटं आत मुडपली असतील तर बी-2 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मान पिळवटणं, हिरवट हगवण आणि घरघर एकत्र दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, असण्याची शक्यता मोठी. त्यावर औषध नाही, म्हणून लासोटा लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. आजारी पिल्लू ताबडतोब वेगळं करा.

रक्त, घरघर, पिळवटलेली मान किंवा ऊब-पाणी देऊनही काही तासांत उठत नसलेलं पिल्लू, यातलं काहीही असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. सोबत ताज्या विष्ठेचा कागद आणि खाद्याची पिशवी न्या. पिल्लू किती दिवसांचं आहे आणि लस झाली का, हे डॉक्टर आधी विचारतील. घरच्या बऱ्याच कोंबड्या एकाएकी मेल्या तर एकही मेलेला पक्षी हाताळू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. तो बर्ड फ्लू असू शकतो. देशात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला 2006 मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. आणि पिल्लाला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, मुलांचे तर आधी.