वाचकाच्या पत्राला उत्तर कसं द्यावं

लेखाखाली आपला पत्ता छापायला सांगा. वाचकांशी नातं इथूनच सुरू होतं आणि नवे लिहिणारे नेमकं हेच टाळतात. नुसतं नाव असलं की लेखक कुठेतरी लांब बसलेला वाटतो. नावाखाली गाव, तालुका आणि पिन दिसला की वाचकाला कळतं, ही बाई अमुक ठिकाणी राहते, हिला लिहिलं तर पोचेल. मी कोकणातल्या भाताच्या जुन्या जातींवर, स्वयंपाकघरावर आणि पावसाळ्याच्या बेगमीवर लिहिते. मला पत्र पाठवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही लेखकाला पत्र लिहिलेलं नाही. पत्ता समोर होता म्हणून लिहिलं, असंच ते सांगतात.

घरचा पत्ता देणं बायकांना अवघड वाटतं आणि ते बरोबरच आहे. गावातल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना विचारा, ‘द्वारा अमुक वाचनालय’ असा पत्ता चालेल का? बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, कारण पत्रं आणायला तुम्ही नियमित येणार आणि येताना एखादं पुस्तकही घेऊन जाणार. मोठ्या गावात असाल तर टपाल कार्यालयात भाड्याने पेटी मिळते. संपादकांच्या पत्त्यावर पत्रं मागवण्याची पद्धत जुनी आहे, पण तिथे पत्रं साठून राहतात आणि चार महिन्यांनी गठ्ठ्याने येतात. तोवर वाचकाची वाट पाहणं संपलेलं असतं.

आता पत्र येईल असं लिहायचं कसं? मोठ्या विधानांवर लोक माना डोलावतात आणि पान उलटतात. तपशील दिसला की मात्र त्यांना राहवत नाही. ‘आपली खाद्यसंस्कृती लोप पावत आहे’ या वाक्याला मला कधी एक ओळीचंही उत्तर आलं नाही. उकड्या तांदळासाठी भात रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी तोंड फुटेपर्यंत उकडायचं, मग उन्हात वाळवून भरडायचं, एवढं साधं लिहिलं तेव्हा सावंतवाडीपासून पेडण्यापर्यंतच्या बायकांनी लिहिलं. कुणाकडे दोनदा उकडतात, कुणाकडे उन्हाऐवजी सावलीत वाळवतात, कुणाची आजी पहिली उकड देवापुढे ठेवायची. पटणी, मुणगा, वालय ही नावं लेखात आली की चाकरमान्यांच्या घरातून पत्र येतंच. गाव सोडलं तरी तांदळाचं नाव विसरत नाही माणूस.

लेखाच्या शेवटी प्रश्न विचारायचा असेल तर ‘लेख कसा वाटला ते कळवा’ असं म्हणू नका. त्याला उत्तर एकच, ‘छान वाटला’, आणि तिथे बोलणं संपतं. वाचकाला जे तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे ते विचारा. ‘तुमच्याकडे बाळंतिणीच्या पेजेला कोणता तांदूळ घ्यायचे?’ या प्रश्नाला ऐंशी वर्षांची आजीही नातवाला बसवून उत्तर लिहून घेते. आपण माहिती देणारे आणि वाचक घेणारा, ही मांडणीच मला मान्य नाही. माझ्या लिखाणातला उत्तम भाग वाचकांनी सांगितलेला आहे, आणि तो त्यांनी सांगितला कारण मी विचारलं.

पत्र आलं की आठवड्याभरात पोच द्या. सविस्तर उत्तर महिन्याभराने गेलं तरी चालतं, पोच मात्र लांबवू नये. पोस्टकार्ड अजून ५० पैशांत मिळतं, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांत. पोस्टकार्डावर चार ओळी मावतात आणि त्या पुरतात. पोच देताना ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. पत्रातली एक गोष्ट उचला आणि तिचं नाव घ्या. ‘तुमच्या मामीच्या घरच्या लाकडी जात्याबद्दल वाचलं, ते फणसाचं होतं की सागाचं, ते विचारून कळवाल का?’ एवढं लिहिलंत की समोरच्याला खात्री पटते, पत्र खरंच वाचलं गेलं. ठरावीक मजकुराची छापील उत्तरं पाठवणारे लेखकही आहेत. त्यांचा वेळ वाचतो हे खरं, पण मला ते कधी जमलं नाही आणि जमवावंसं वाटलंही नाही.

पत्रांचे प्रकार असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

कौतुकाच्या पत्राला थोडक्यात लिहा आणि एक प्रश्न विचारा. कौतुक करणाऱ्याकडे बहुधा सांगण्यासारखं काहीतरी असतं, ते सांगायला त्याला निमित्त हवं असतं.

मतभेदाच्या पत्राला सगळ्यांत आधी उत्तर द्या. ‘आमच्या भागात असं करत नाहीत’ असं कुणी ठणकावून लिहिलं तर त्या माणसाने तुमचा लेख नीट वाचला आहे, हातात पेन्सिल घेऊन वाचला आहे. त्याला आपली बाजू पटवत बसू नका. त्याच्या भागात कसं करतात ते विचारा आणि पुढच्या लेखात त्याच्या गावाच्या नावासह घाला. गुहागरची रीत आणि वेंगुर्ल्याची रीत दोन्ही खऱ्या असतात.

शिवीगाळीच्या निनावी पत्राला उत्तर नाही. ते फाडा आणि कामाला लागा. पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा त्यात तुमच्या घराचा, येण्याजाण्याच्या वेळांचा उल्लेख असेल, तर फाडू नका. पाकिटासकट जपून ठेवा, घरात सांगा आणि पोलीस ठाण्यात जा.

दुःखाच्या पत्राबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण तिथे लिहिणाऱ्याची खरी कसोटी लागते आणि त्याची शिकवण कुठे मिळत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठ बुडाली, घरंच्या घरं चिखलाने भरली, १८६४ साली स्थापन झालेल्या वाचन मंदिरातही पाणी गेलं. त्या पुरानंतर मी स्वयंपाकघरांवर लिहिलं. फुगून आलेली कडधान्यं, चिखलातून काढलेली परात, डब्यात पाणी शिरून वाया गेलेलं लोणचं, वर्षभराच्या बेगमीचं काय झालं ते. त्या लेखावर आलेल्या पत्रांत लोकांनी आपापल्या हरवलेल्या वस्तू लिहिल्या. कुणी लग्नातला तांब्याचा हंडा, कुणी आईच्या हाताने लिहिलेली पाककृतींची वही. ही पत्रं सल्ला मागत नव्हती. मदतही मागत नव्हती.

अशा पत्राला ‘धीर धरा, काळ हे औषध आहे’ असं लिहू नका. ते वाक्य त्या माणसाला शेजाऱ्यांनी, पाहुण्यांनी ऐकवून झालेलं असतं. त्याने जी वस्तू लिहिली तिच्याबद्दल लिहा. वही हरवली म्हणणाऱ्या ताईंना मी विचारलं, त्या वहीतलं तुम्हाला आठवतं ते सांगाल का, मी लिहून घेते. त्यांनी एक पदार्थ सांगितला. पुढच्या पत्रात दुसरा आला. मग बहिणीला विचारून आणखी काही आले. सगळी वही परत येणार नव्हती आणि तसं आम्ही दोघींनी एकमेकींना कधी म्हटलंही नाही, पण फणसाच्या सांदणांचं प्रमाण आता पुन्हा कागदावर आहे. दुःखाचं पत्र आलं की हातातलं बाजूला ठेवून बसा. एका बैठकीत लिहा, हाताने लिहा, आणि आपल्या स्वतःच्या दुःखाची गोष्ट त्यात घालू नका. तुमचं दुःख कितीही खरं असलं तरी त्या पत्रात जागा त्यांची आहे. माणूस फारच खचलेला वाटला, जीव नकोसा झाल्याचं त्याने लिहिलं असेल, तर टपालावर विसंबू नका. त्याच दिवशी फोन करा आणि त्याच्या जवळच्या कुणाला तरी त्याच्यापाशी बसायला सांगा.

पत्रांसाठी एक जाड वही ठेवा. तारीख, नाव, गाव, काय सांगितलं आणि परवानगी मिळाली का, एवढे रकाने पुरतात. मी गावाच्या नावाने लावते, कारण एखाद्या तालुक्यात जायचं ठरलं की तिथल्या वाचकांची पानं एकदम समोर येतात. परवानगीचा रकाना विसरू नका. वाचकाने पत्रात लिहिलेली माहिती तुम्ही वापरू शकता, पण त्याचे शब्द कायद्याने त्याचे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पत्रही लेखनच आहे. कागद तुमच्याकडे आला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो. कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. ‘हे मी लेखात घालू का? तुमचं नाव घालू, की फक्त गाव?’ काही जणी म्हणतात, नाव नको, सासरी वाचतात. काहींना पूर्ण नाव माहेरच्या आडनावासकट हवं असतं. जसं सांगतील तसं, आणि लेख छापून आला की अंकाची एक प्रत त्यांना पाठवायची. ही प्रत पाठवणं माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आपलं सांगणं छापलेलं पाहिलं की त्या घरातून लिहिणारी आणखी एक पिढी तयार होते.

दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांनी त्याचा वेग समजून घ्यावा. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. लेख आपण पावसाळ्यात देतो, अंक दिवाळीत निघतो, आणि वाचनालयाची वेगळी वर्गणी भरून अंक घरी नेणारे वाचक ते आळीपाळीने पुढचे कित्येक महिने वाचतात. त्यामुळे पत्रं शिमग्यापर्यंत येत राहतात. नोव्हेंबरात काही आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

भेटायचं असेल तर वाचनालयात भेटा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात. मला ‘ड’ वर्गातली आवडतात. एक खोली, दोन कपाटं, आणि प्रत्येक सभासदाला नावाने ओळखणारे ग्रंथपाल. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दोन दिवशी सगळीकडे कार्यक्रम असतात, सत्कार असतात, आणि वाचकाशी बोलायला वेळ उरत नाही. साधा मंगळवार मागा. बायकांना यायचं असेल तर दुपारी तीननंतर, जेवणं आटोपल्यावर. व्यासपीठ नको म्हणा, खुर्च्या गोल मांडा. पंधरा मिनिटं वाचा, मग वही उघडा आणि त्यांनाच विचारायला लागा. तुम्ही लिहून घेताय हे दिसलं की गप्प बसलेली मंडळीसुद्धा बोलतात. साहित्य संमेलनाला गेलात तर मंडपापेक्षा ग्रंथप्रदर्शनात जास्त वेळ काढा. तिथे वाचक पुस्तक हातात घेऊन उभा असतो, त्याने कोणतं पान उघडलं ते दिसतं.

फोनबद्दल थोडक्यात. क्रमांक द्यायचा असेल तर वेळ छापा, मी दुपारी चार ते पाच देते. व्हॉट्सॲपवर आलेल्या लांब मजकुराला आवाजात रेकॉर्ड करून उत्तर पाठवलं तर वयस्कर वाचकांना फार बरं वाटतं. चष्मा शोधावा लागत नाही आणि पुन्हा पुन्हा ऐकता येतं. त्याच कारणाने, कागदी उत्तरही काळ्या शाईने आणि मोठ्या अक्षरात लिहा.

पाकिटावर पिन न चुकता घाला. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. ते संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचे. पत्र योग्य दारी पोचावं याची रचना एका लेखकाने करून ठेवली आहे, ही गोष्ट मला पाकीट लिहिताना फार आवडते. एकाच नावाची गावं आपल्याकडे तालुक्यातालुक्यात आहेत, पिन नसेल तर वाडे नावाच्या गावाला पाठवलेलं पत्र कुठल्या वाड्यात जाईल सांगता येत नाही.

शेवटचं काम वाचकांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचं. बडोद्याला स्थायिक झालेल्या एका काकूंनी लहानपणच्या लाल तांदळाचं वर्णन लिहून पाठवलं, नाव त्यांना आठवत नव्हतं. काही महिन्यांनी मालवणकडच्या एका शेतकरीदादांचं पत्र आलं, त्यात तेच वर्णन होतं आणि नावही होतं, शिवाय ते बियाणं त्यांच्याकडे अजून होतं. मी दोघांना वेगवेगळं लिहून विचारलं, तुमचा पत्ता दुसऱ्यांना कळवू का? दोघांचा होकार आला तेव्हा कळवला. काकूंना तांदूळ मिळाला, दादांना बडोद्यात चार गिऱ्हाइकं मिळाली, आणि त्यांचा पत्रव्यवहार आता माझ्याकडून जात नाही. अशी गाठ घालताना होकार दोन्हीकडून लेखी घ्या, एकाचा आला आणि दुसऱ्याचा आला नाही तर पत्ता देऊ नका, आणि तसं पहिल्याला स्पष्ट कळवा.