गुरू-शनीच्या फोटोतला नॉइज कमी करायचाय? सुरुवात गच्चीवरूनच करा

गुरूचे पट्टे दिसतात पण सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे, हाच नॉइज, मग आपण डीनॉइजचा स्लायडर ओढत नेतो आणि गुरूचा मेणाचा गोळा होतो, फार वाईट वाटतं बघून. नॉइजचं खरं काम त्याच्या आधीच करायचं असतं.

एकच फोटो नको, टेलिस्कोपला कॅमेरा लावून व्हिडिओ घ्या, शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, एसईआर फाइल (फ्रेम न दाबता साठवणारा व्हिडिओ). नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे १०० फ्रेम स्टॅक केल्या (एकावर एक ठेवून सरासरी काढली) की १० पट कमी, ४०० केल्या की २० पट. मग तासभर शूट करावं का, तर नाही, कारण गुरू १० तासांच्या आतच स्वतःभोवती एक फेरी मारतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांनंतर बारीक डाग पुसट व्हायला लागतात. जास्त व्हिडिओ असतील तर विनज्यूपॉस सॉफ्टवेअरमध्ये डीरोटेट करून, म्हणजे ग्रहाचं फिरणं भरून काढून, जोडा.

एक्स्पोजर ५ ते १० मिलिसेकंद ठेवा, गेन (कॅमेरा सिग्नल किती वाढवतो ते) वाढला तरी घाबरू नका, एकेक फ्रेम खरखरीत दिसणारच, ती स्टॅकिंगमध्ये सुधारते, पण लांब एक्स्पोजरमध्ये हवेच्या थरथरीने पुसलेली फ्रेम काही केल्या सुधारत नाही.

मुंबईच्या दिव्यांची ग्रहांना फारशी अडचण नाही, ते तेवढे तेजस्वी असतात. अडचण तापलेल्या स्लॅबची. दिवसभर उन्हात भाजलेली गच्ची रात्री गरम हवा सोडत राहते, म्हणून टेलिस्कोप तासभर आधी बाहेर ठेवा, शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटवरून नेम धरू नका, आणि ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबा. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, गुरू मिथुन-कर्केत असला की जवळजवळ माथ्यावर येतो, हे सुख लंडनवाल्यांना नाही!

मग ऑटोस्टॅकर्ट, हे फ्रेम निवडून स्टॅक करणारं सॉफ्टवेअर. क्वालिटी ग्राफ बघून वरच्या २५-३० टक्के फ्रेम घ्या, हवा शांत असेल तर निम्म्याही चालतील.

स्टॅक केलेला फोटो शार्प करायला रजिस्टॅक्स सॉफ्टवेअर. त्यातले वेव्हलेट फोटोतले तपशील बारीक ते जाड अशा लेअरमध्ये वेगळे करतात. पहिला लेअर सगळ्यात बारीक, नॉइज बहुतेक तिथेच असतो. त्याला हळूच हात लावा, त्याचा डीनॉइज थोडा वर ठेवा आणि शार्पनिंगचा भर दुसऱ्या-तिसऱ्यावर द्या.

आता एखादा ठिपका खरा की नॉइज, अशी शंका आली तर लगेच पाठोपाठ घेतलेला दुसरा व्हिडिओ त्याच सेटिंगवर स्टॅक करा. दोन्हीत दिसला तर ठेवा.