ईईजीने व्हिडिओची गुणवत्ता जोखताना : माझं पहिलं वर्ष

व्हिडिओ पाहून झाला की १ ते ५ गुण द्यायला सांगायचे आणि सगळ्यांची सरासरी काढायची, ही गुणवत्ता जोखण्याची रूढ पद्धत. या विषयात आले तेव्हा मला वाटायचं, डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या (म्हणजेच ईईजी घेतला) की गुण विचारायलाच नकोत. पण मेंदू गुण देत नाही. बदल जाणवला की नाही, कितपत जाणवला, एवढाच त्याचा सुगावा लागतो.

तो सुगावा बहुतेकदा पी३०० लहरीत सापडतो. १९६५ मध्ये वर्णन झालेली ही लहर अनपेक्षित गोष्ट लक्षात आल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांच्या पुढे उमटते. चित्र किंवा आवाज जितका ठळक बिघडलेला, तितकी ती मोठी आणि लवकर येते. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रयोगांत तर काही श्रोत्यांनी 'बिघाड ऐकू आला नाही' असं सांगूनही त्यांच्या ईईजीत त्याची खूण मिळाली. मी या विषयाला चिकटून राहिले ती यामुळेच.

आता माझी चूक. पहिल्या प्रयोगाची सरासरी काढली तर पी३०० पसरट, जवळजवळ सपाट. मी आठवडेच्या आठवडे फिल्टर बदलत बसले. दोष वेळेच्या खुणेत होता! 'व्हिडिओ सुरू' अशी खूण संगणक नोंदवायचा, पण पडद्यावर चित्र दर वेळी कमी-जास्त उशिरा यायचं, त्यामुळे सरासरी काढताना लहरी एकमेकींशी जुळतच नव्हत्या. पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर) चिकटवला तेव्हा हे उघड झालं. म्हणून सहभागी बोलावण्याआधी ही तपासणी कराच. हातचा डेटा गेला की फार जिवाला लागतं.

ट्रायल, म्हणजे तोच ध्वनी किंवा चित्र पुन्हा पुन्हा देऊन घेतलेल्या नोंदी, भरपूर घ्या. ही लहर काही मायक्रोव्होल्टची, तर पापणीची उघडझाप शंभराच्या पुढे सहज जाते. सरासरीतला गोंगाट निम्मा करायला चौपट ट्रायल लागतात. पण सत्र लांबलं की सहभागी पेंगतो, अल्फा लहरी (मेंदू सैलावला की वाढणाऱ्या) वाढतात आणि तुम्ही व्हिडिओ सोडून थकवाच मोजू लागता. मध्ये विश्रांती द्या.

सुरुवात आवाजापासून केलेली बरी. एकच छोटा ध्वनी बहुतेक वेळा स्वच्छ, क्वचित खरखरीसह ऐकवायचा. विश्लेषणाला एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅब ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही मोफत आहेत. आणि प्रत्येक ध्वनीनंतर 'बिघाड जाणवला का?' हे बटण ठेवाच. त्या उत्तराशिवाय लहर कशाशी ताडून पाहणार?