गिटार, ॲम्प आणि पेडलचा संग्रह आपल्या हवेत कसा जपावा

हौसेने गिटार वाजवणाऱ्याकडे काही वर्षांत दोन-तीन इलेक्ट्रिक गिटार, एखादी ॲकूस्टिक, एखाददुसरा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) आणि खोकेभर पेडल (आवाजाचा पोत बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या डब्या) सहज जमतात. ही वाद्ये निवडताना आपण महिनोन्‌महिने चौकशी करतो. पण घरी आणल्यावर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न बहुधा कपाटात किती जागा उरली आहे यावरच सुटतो. माझ्या मते आपल्याकडे अशा संग्रहाला सर्वाधिक धोका असतो तो हवेतल्या ओलाव्याचा आणि विजेच्या चुकीच्या जोडणीचा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीची निगा फारशी अवघड नाही.

लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर ती दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तर विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ती २०च्या आसपास उतरते. स्प्रूस लाकडाच्या अखंड फळीचा दर्शनी भाग असलेली ॲकूस्टिक गिटार दमट हवेत पाणी शोषते, तिचे पोट ब्रिजच्या (तारा जिथे पोटाला बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या) मागे फुगते, त्यामुळे तारा फ्रेटपासून (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात आणि बोटांना वाजवणे जड जाते. कोरड्या हवेत याच्या उलट घडते: दर्शनी भाग खाली बसतो, तारा फ्रेटला लागून झणझणतात, फ्रेटबोर्ड आकसल्याने फ्रेटची टोके कडेला हाताला टोचू लागतात आणि शेवटी लाकडाला तडा जातो. रत्नागिरीहून नागपूरला बदली झालेल्या माणसाने आपल्या ॲकूस्टिककडे पहिल्या उन्हाळ्यात म्हणूनच विशेष लक्ष द्यावे. प्लायवूडची, म्हणजे थर चिकटवून केलेली गिटार हे चढउतार बऱ्याच अंशी सोसते, आणि सतत दमट राहणाऱ्या घरात तशी एक वापरातली गिटार असणे मला शहाणपणाचे वाटते.

पहिली खरेदी आर्द्रता मोजणाऱ्या छोट्या डिजिटल मीटरची असावी, मात्र त्याचा आकडा डोळे झाकून मानू नये. तो तपासण्याची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घ्यावे आणि त्यात थेंबाथेंबाने इतकेच पाणी घालावे की मीठ पूर्ण ओले होईल, पण विरघळणार नाही. हे झाकण आणि मीटर घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत शेजारी शेजारी ठेवून पिशवी रात्रभर पंख्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवावी. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटर ८० दाखवत असेल, तर यापुढे त्याच्या प्रत्येक आकड्यातून पाच वजा करावेत. दोन-तीन मीटर असतील तर सर्व एकाच पिशवीत तपासून प्रत्येकावर त्याची चूक लिहून ठेवावी.

यानंतर जागा निवडावी. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाचा मारा जिला बसतो तिच्यावर, गिटार टांगू नये. आतल्या भिंतीवर टांगायला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र मी कठीण केसच्या, म्हणजे गिटारच्या टणक पेटीच्या, बाजूने आहे. खोलीतला एसी फक्त रात्री चालत असेल तर उघड्यावरच्या लाकडाला रोज ओल्या आणि कोरड्या हवेचे झोके बसतात, केसमध्ये हा बदल बराच संथ होतो. केसमध्ये सिलिका जेलच्या कापडी पुड्या आणि तपासलेला मीटर ठेवावा. पुडी लाकडाला चिकटून न ठेवता नेकखालच्या (गिटारच्या दांडीखालच्या) कप्प्यात ठेवावी. निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ते आरोग्याला घातक असल्याने नारिंगी दाणे घ्यावेत. ओलावा पिऊन त्यांचा रंग पालटला की सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोनएक तास तापवल्यावर ते पुन्हा कामाचे होतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये. सिलिका थांबायचे कुठे ते ओळखत नाही, म्हणून मीटर ४५च्या खाली जाऊ लागला की एखादी पुडी काढून घ्यावी. घामेजल्या हातांनी वाजवलेली गिटार पुसून, थोडा वेळ पंख्याखाली ठेवूनच केस बंद करावी, कारण केसच्या आतल्या मखमलीला एकदा बुरशी धरली की तिचा वास आणि डाग दोन्ही सहजी जात नाहीत.

साफसफाईबद्दल थोडक्यात. वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालूनही कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात, कारण गंजाची सुरुवात खालच्या बाजूने होते आणि ती दिसत नाही. शिसवीच्या किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदा-दोनदा त्यासाठीच मिळणाऱ्या तेलाचे काही थेंब पुरतात. लॅकर लावलेल्या मेपलला तेल लावू नये. फ्रेट बारीक स्टील वूलने घासायचे असतील तर आधी पिकअप (तारांची कंपने टिपणारी चुंबके) चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकांना कायमचा चिकटून बसतो. नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार रबरी किंवा फोमच्या स्टँडवर ठेवायची असल्यास मध्ये सुती कापड असावे, कारण त्या रबराने लॅकर मऊ पडतो आणि चट्टा उमटतो.

ऋतू बदलला की नेकचा बाक तपासावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड सहावी तार, नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट पाहावी. ती ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असणे बहुतेक गिटारींना योग्य ठरते. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारा आतला धातूचा दांडा) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, पुन्हा सूर लावून एक दिवस थांबावे, आणि रॉड जड लागला तर जोर न करता गिटार जाणत्या कारागिराकडे न्यावी.

आता विजेकडे वळू. ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. भार नसताना त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये कित्येकशे व्होल्ट टिकून राहू शकतात, म्हणून त्याचे मागचे झाकण उघडून हात घालणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. पावसाळी कार्यक्रमाहून आणलेला ॲम्प कोरड्या खोलीत काही तास राहू द्यावा आणि मगच चालू करावा.

अमेरिकेतून ॲम्प घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मागच्या पाटीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेला ॲम्प आपल्या पॉइंटला थेट लावला तर निदान फ्यूज आणि कदाचित पॉवर ट्रान्सफॉर्मरही जातो. त्यासाठी स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर लागतो. तो निवडताना ॲम्पच्या आवाजाचे वॅट पाहू नयेत, तर पाटीवर लिहिलेली विजेची खेच पाहावी आणि तिच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्यावा. स्टेप-डाउनने हर्ट्झ बदलत नाहीत, म्हणून पाटीवर ५०/६० असे लिहिले आहे का तेही वाचावे; केवळ ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर अधिक तापतो.

ॲम्प घुमतो म्हणून अर्थची पिन काढून टाकण्याचा किंवा टू-पिन जोडणी वापरण्याचा उपाय काहीजण सांगतात. तो जिवावर बेतू शकतो. गिटारच्या तारा ब्रिज आणि केबलमार्गे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात दोषामुळे वीज उतरली आणि तिला अर्थची वाट नसली, तर ती तारांवरच्या बोटांतून, ओल्या फरशीवरच्या अनवाणी पायांतून जाते. ओठ मायक्रोफोनला लागलेले असतील तर धोका आणखी वाढतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. घूं आवाज कमी करण्यासाठी आधी सर्व साधने एकाच बोर्डावरून चालवून पाहावीत.

पेडलचे नियम सोपे आहेत, पण ते काटेकोर पाळावे लागतात. बॉसने १९७७ साली आणलेली छोटी पेडल पुढे सर्वत्र पसरली आणि आज बहुसंख्य पेडल ९ व्होल्टवर, प्लगचे मधले टोक ऋण अशा जोडणीवर चालतात. तरी प्रत्येक पेडलवरचे चिन्ह पाहूनच अडॉप्टर लावावा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, मिलिअँपिअर मात्र अडॉप्टरचे अधिक असले तरी चालतात. साध्या ओव्हरड्राइव्हला काही मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल डिलेला शंभराच्या वरही लागू शकतात, म्हणून सर्वांची बेरीज करूनच पॉवर सप्लाय घ्यावा आणि शक्यतो प्रत्येक तोंडाचा पुरवठा इतरांपासून अलग असलेला घ्यावा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या कित्येक फझ पेडलांची जोडणी उलटी असते. ती इतरांबरोबर एकाच अडॉप्टरच्या साखळीत लावू नयेत. जर्मेनियम तापमानाला संवेदनशील असल्याने एप्रिलच्या दुपारी तोच फझ वेगळा वाजतो, त्याला बिघाड समजू नये. बॅटरीवरच्या पेडलमध्ये इनपुटची केबल हाच बहुधा स्विच असतो. वाजवून झाल्यावर ती काढावी आणि पेडल महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरीही काढावी, कारण गळलेली बॅटरी आतल्या जोडण्या खाऊन टाकते.

शेवटी एक वही किंवा फाइल करावी. प्रत्येक वस्तूचा सीरिअल क्रमांक दिसेल असा फोटो, पावती, तारांची जाडी आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख तीत असावी. परदेशातून गिटार आणणाऱ्यांनी लाकडाचाही उल्लेख ठेवावा. २०१७च्या जानेवारीत शिसवीच्या संपूर्ण प्रजातिकुळावर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले, २०१९च्या नोव्हेंबरमध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण याच कुळातले ब्राझिलियन रोझवुड १९९२पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट लागू नाही. ॲम्पच्या नोंदीत त्याचे व्होल्ट ठळक लिहावेत आणि १२० व्होल्टच्या ॲम्पच्या प्लगला तशी चिठ्ठीही बांधावी, म्हणजे घरातले दुसरे कोणी तो भिंतीच्या पॉइंटला थेट लावणार नाही.