नंबर पॅड असलेला कीबोर्ड घ्यावा का?

खानापूर, निपाणी, चंदगडकडून बेळगावला अकाउंट्सच्या नोकरीसाठी येणारी मुलं-मुली लॅपटॉप घेण्याआधी हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर असं: दिवसाचं निम्मं काम आकडे भरण्याचं असेल तर नंबर पॅड, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाला असलेला आकड्यांचा वेगळा गठ्ठा, हवाच. पण तो लॅपटॉपलाच असला पाहिजे असं काही नाही. यूएसबीचा सुटा पॅड काही शे रुपयांत मिळतो. चौदा इंची लॅपटॉपला पॅड सहसा नसतो, पंधरा इंचीला बऱ्याचदा असतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी घरच्यांच्या डोक्यावर मोठा हप्ता चढवू नका.

काम कुठलं आहे ते आधी बघा. मार्केट यार्डातल्या दुकानात कांद्या-बटाट्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, भरायच्या असतील तर पोती, वजन, दर, हमाली, उचल असे नुसते आकडेच आकडे. रविवार पेठेतल्या ठोक दुकानात खरेदी-विक्रीची बिलं, शहापूर-वडगावला कापड विणणाऱ्या मागवाल्यांचा मजुरीचा हिशोब, तिथेही तेच. अशा कामात उजवा हात पॅडवर राहतो आणि डाव्या हाताचं बोट बिलाच्या ओळीवरून खाली सरकत राहतं. वरच्या ओळीतल्या आकड्यांना दोन्ही हात लागतात, मग बिलावर बोट ठेवायला हात उरत नाही. ओळ सुटते ती तिथेच.

जिथे अक्षरं आणि आकडे मिसळून येतात तिथे पॅडचा फायदा कमी. जीएसटी नंबर पंधरा खुणांचा असतो: आधी राज्याचा कोड, मग पॅन, मग आणखी तीन खुणा. तो भरताना हात पॅडवर नेणं-आणणं यातच वेळ जातो, वरची ओळच बरी. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये यंत्रांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंही तसंच, प्रत्येक आकड्याआधी एक अक्षर असतं. एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, डेटा एंट्री ऑपरेटरची तयारी करत असाल तर तिथे सहसा ताशी ८,००० की दाबण्याचा वेग मागतात, पण उतारा इंग्रजी मजकुराचा असतो. त्यासाठी पॅडवर वेळ घालवू नका, अक्षरांवर घाला.

आता खरा खड्डा. यात मी पुष्कळ दिवस अडकून होते आणि मला कुठल्याच क्लासात कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाइलवर नंबर लावताना १-२-३ वरच्या ओळीत असतात. एटीएमवर, कार्ड स्वाइप करण्याच्या मशीनवर, यूपीआयचा पिन टाकताना तेच. कीबोर्डच्या पॅडवर मात्र कॅल्क्युलेटरसारखे ७-८-९ वर आणि १-२-३ खाली. हा फरक जुना आहे. अमेरिकेत बेल कंपनीने १९६३ मध्ये बटणांचा फोन आणला तो लोकांवर चाचण्या घेऊन, १-२-३ वर ठेवून. हिशोबाच्या यंत्रांत त्याआधीपासून मोठे आकडे वर होते. दोन्ही पद्धती राहिल्या आणि आपल्या पिढीच्या बोटांना फोनची पद्धत लहानपणापासून लागली.

तुम्ही म्हणाल, हे तर दिसतंच, बटणांवर छापलेलं असतं. बघून दाबता तोवर काहीच अडचण नाही. न बघता वेग आला की खरी गंमत संपते. ४-५-६ ही मधली ओळ दोन्हीकडे एकाच जागी आहे आणि शून्यही तळालाच. त्यामुळे सवय फोनची असली तरी दहापैकी चार आकडे बरोबरच पडतात. ४,५६० भरलं, बरोबर. ६,०५० भरलं, बरोबर. आपला हात बसला असं वाटतं. मग १,४५० च्या जागी ७,४५० जातं आणि बोटाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण बोटाच्या हिशोबाने ते १ वरच गेलेलं असतं. पूर्ण चुकलं असतं तर लगेच कळलं असतं. अधूनमधून चुकतं म्हणूनच ते घातक आहे.

त्याहून वाईट म्हणजे टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तुम्हाला टोकत नाही. रक्कम एकदा टाकली की तीच नावेला आणि तीच जमेला जाते. ट्रायल बॅलन्स, म्हणजे नावे-जमेच्या बेरजांचा ताळा, छान जुळतो. बँकेचं स्टेटमेंट किंवा समोरच्या पार्टीचा खातेउतारा हातात येईपर्यंत चूक तिथेच बसून राहते. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक पडताळणीचा असतो, जीएसटी नंबरातही शेवटची खूण त्यासाठीच. समजा कर्नाटकच्या २९ चं बोटाने २३ केलं, तर ते मध्य प्रदेशचं होतं. महाराष्ट्राच्या २७ चं २१ झालं तर ओडिशाचं. पोर्टल असा नंबर परत फेकतं. रुपयांच्या रकमेला असा कुठलाच राखणदार नाही. ७,४५० ही रक्कमही १,४५० इतकीच खरी दिसते.

आमच्या दुकानातले जुने दिवाणजी एकदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ते स्क्रीनकडे बघत नव्हते, माझ्या मनगटाकडे बघत होते. १ आला की मनगट वर उचललं जात होतं. ते एवढंच म्हणाले, "रक्कम भरूलालीस की फोन लावूलालीस?" त्या दिवशी मला नेमकं काय चाललंय ते उमगलं. आणि तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की मागे उभं राहून हाताकडे बघणारा माणूस हाच गुरू. "तीस दिवसांत टॅली" म्हणणाऱ्या वर्गात एफ-फोर ते एफ-नाइन ही बटणं कशासाठी हे पाठ करून घेतात, ते तर दोन संध्याकाळींत येतं. तुमचा हात कुणी बघत नसेल तर तिथे फी भरू नका.

चूक झालीच असेल तर ती हुडकायची खूण आहे. नऊचा नियम जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: फरकाला ९ ने भाग गेला तर बहुतेक वेळा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, जसं ५४० चं ४५०, किंवा एखादं शून्य कमी-जास्त झालेलं असतं. सहाचा नियम मी माझ्यापुरता बसवला. १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९ यांत सहाचंच अंतर आहे. म्हणून फोनच्या सवयीने एक अंक चुकला तर फरक ६, ६०, ६०० किंवा ६,००० असाच येतो. दोन अंक चुकले, म्हणजे १,२४० चं ७,८४० झालं, तर ६,६००. बँकेशी फरक ६,००० आला की मी आधी १ आणि ७ ने सुरू होणाऱ्या चार आकडी नोंदी काढते. अख्खा महिना चाळत बसावं लागत नाही. फरकाला ६ आणि ९ दोन्हींनी भाग गेला तर मात्र दोन्ही बाजूंनी शोधावं लागतं, त्याला इलाज नाही.

घाबरू नका, बोटं वळतात. माझी वळली, आणि मी शाळेत असल्यापासून फोन हातात धरलेली आहे.

सराव असा करा. पॅडवरच्या ५ वर एक बारीक उंचवटा असतो, एफ आणि जे वर असतो तसाच. मधलं बोट तिथे, तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर, अंगठा शून्यावर, करंगळी एंटरकडे. हात तिथून उठवायचा नाही, बोटंच फक्त वर-खाली करायची. हातावर रुमाल टाका. पहिले काही दिवस फक्त १७१, ७१७, २८२, ३९३ अशा जोड्या. कंटाळवाणं आहे, पण खड्डा नेमका तिथेच असल्याने भरावही तिथेच घालावा लागतो.

मग घरातली हेस्कॉमची वीजबिलं, किराणा पावत्या, जे सापडेल ते घ्या. एक्सेलमध्ये रकमा पहिल्या रकान्यात भरा. पहिला रकाना झाका आणि त्याच रकमा पुन्हा दुसऱ्यात भरा. तिसऱ्यात दोन्हींची वजाबाकी. जिथे शून्य नाही तिथे बोट चुकलं, आणि ६ किंवा ६०० दिसलं तर का चुकलं तेही कळलं. दोनदा भरून पडताळण्याची ही रीत डेटा एंट्रीच्या धंद्यात पूर्वीपासून आहे. मी तरी मोठ्या रकमांसाठी ती आजही सोडलेली नाही.

कुणी रकमा वाचून दाखवत असेल तर एकेक अंक वाचायला सांगा. आपण मराठीत "पंचेचाळीस" म्हणतो तेव्हा कानावर पाच आधी येतो आणि बोट ५ कडे धावतं. कन्नडमध्ये "नलवत्तैदु" म्हणताना चाळीस आधी येतात, त्यामुळे कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांचं हे चुकत नाही. "चार, पाच" असं वाचलं की भांडण मिटतं. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांतला घोळही त्याने जातो.

दुपारी डबा खाताना फोन चाळून परत बसलात की सुरुवातीच्या नोंदी हळू करा. त्या वेळी बोटं पुन्हा फोनच्या घरात गेलेली असतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नम लॉक बंद असेल तर पॅडचे आकडे उमटत नाहीत: ७ दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, १ दाबलं की शेवटाला, आणि टिंबाने समोरचं अक्षर खोडलं जातं. परीक्षेला किंवा मुलाखतीतल्या चाचणीला बसलात की आधी ते बघा. आयएफएससी कोडमधली पाचवी खूण शून्य असते, ती पॅडवरून टाकली की इंग्रजी ओ पडायची भीती राहत नाही. कचेरीजवळ दस्त लिहिणाऱ्यांकडे काम करणार असाल तर जमिनीच्या उताऱ्यावरचं क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं असतं. पॅडवरून २-१० असं टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. आधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या. आणि एक एकर पस्तीस गुंठ्यांचे १.३५ लिहून बेरीज मारू नका, एकराला चाळीस गुंठे असतात.

खांद्याचं मात्र मनावर घ्या. पॅड असलेल्या कीबोर्डला माऊस फार उजवीकडे ढकलला जातो आणि महिनाअखेरीला उजवा खांदा बोलायला लागतो. कीबोर्ड असा ठेवा की जी आणि एचची जोडी बेंबीसमोर येईल, मग पॅड आपोआप बाजूला पडतो. मी माऊस डाव्या हाताला घेतलाय. आठवडाभर हात अडखळला, मग बसला.

बँकेचं स्टेटमेंट फाईलवरून थेट टॅलीत ओढून घ्यायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. ती वापरा, नक्की वापरा. पण पहिल्याच महिन्यापासून तिच्यावर विसंबू नका. हाताने भरलेल्या माणसाला कुठली पार्टी साधारण किती रकमेची असते हे ठाऊक होतं, आणि कोल्हापूरच्या, म्हणजे २७ ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरच्या, बिलावर आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या व्यवहाराचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा) लागलेलं त्याच्या डोळ्याला खुपतं. नुसतं ओढून घेणाऱ्याला काहीच खुपत नाही. हे सांगितलं की नवी मुलं माझ्यावर नाराज होतात, तरी मी सांगते.

लॅपटॉप पॅडसकट घ्यायचाच ठरलं तर दुकानात जाऊन हात ठेवून बघा. काही मॉडेलांत पॅडचा रकाना अरुंद करतात, शून्याचं बटण इतरांएवढंच ठेवतात, एंटर बारीक असतं. अशा पॅडवर बसलेला हात ऑफिसच्या मोठ्या कीबोर्डवर परत अडखळतो. त्यापेक्षा बिनपॅडचा लॅपटॉप आणि ऑफिसात असतो तसा पूर्ण मापाचा सुटा पॅड बरा. डावखुरे असाल तर तो डाव्या बाजूला ठेवता येतो, आणि बसने येणाऱ्यांच्या पिशवीत डब्याशेजारी मावतो.